मधली एकोणीस प्रकरणं

कानसेनांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपट कुणी उघडत नसे, त्यामुळे ते तिथेच पडून राहिलं. संस्थेत, बहिणीच्या घरात, खालच्या बटणांच्या दुकानात, सगळीकडे ते कानसेनच. कामही तसंच होतं. अंधांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करणारी ती संस्था. बटणांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, तिच्या चार खोल्या. वाचणारे काचेपलीकडे बसून वाचत आणि कानसेन काचेअलीकडे हेडफोन लावून ऐकत. कुठे शब्द चुकला, कुठे पान उलटल्याची खरखर आली, कुठे वाचणाऱ्याच्या पोटात कावळे ओरडले, ते सगळं टिपायचं, दुरुस्त करून घ्यायचं आणि शेवटी वहीत लिहायचं, ‘तपासलं’. खाली सही. ती सही झाली की वाचलेलं श्रोत्यांकडे जायला मोकळं.

ते इथे आले तेव्हा विशीत होते आणि आवाज फितीवर उतरत असे. चुकीचा शब्द फितीवर शोधायचा, खडूने खूण करायची, ब्लेडने तेवढा तुकडा कापायचा आणि टोकं चिकटवायची. दिवसाअखेर पायाशी कापलेल्या शब्दांचा ढीग जमे. तो झाडून टाकताना तरुण कानसेनांना वाईट वाटे. कुणाचं तरी ‘परंतु’, कुणाचा तरी खोकला, उगाच केरात चालला. लग्न त्यांनी केलं नाही. विचारलं की म्हणत, ‘दिवसभर लोक कानात बोलतात, घरी गेल्यावर तरी गप्प बसू दे.’ बहिणीच्या घरी वरच्या खोलीत ते राहत, आणि भाची त्यांच्या खांद्यावर बसून मोठी झाली.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या भिंतींना कापसाच्या जाड गाद्या ठोकलेल्या होत्या. तिथे शिरलं की जगाचा आवाज दाराबाहेरच चपला काढून थांबे. दुपारी उंच खिडकीतून उन्हाचा एक पट्टा यायचा, गाद्यांवरून हळूहळू सरकायचा, आणि त्या उन्हात बारीक धूळ तरंगायची. अशा वेळी काचेपलीकडे बाई वाचत असतील तर कानसेन डोळे मिटून घेत. मग ते खोलीत नसत. कुठे असत, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

बाई म्हणजे निवृत्त मास्तरीणबाई. चाळीस वर्षं वर्गावर बोलून त्यांचा आवाज झिजला नव्हता, उलट गुळगुळीत झाला होता. बावीस वर्षं त्या इथे वाचत होत्या, एक पैसा न घेता. संस्थेचा नियम होता की डोळ्यांना जे दिसतं ते सगळं वाचायचं. मुखपृष्ठ, चित्राखालच्या ओळी, पानांचे आकडे, छापखान्याचा पत्तासुद्धा. इतर वाचक हळूच एखादी ओळ गाळत. बाई एक टिंब सोडत नसत. एकदा पुस्तकात कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं ‘हे खोटं आहे’ हेही त्यांनी वाचलं, आणि ‘ही नोंद लेखकाची नाही’ असं वर स्वच्छ सांगितलं.

त्यांच्या श्रोत्यांत एक खुर्च्या विणणारे होते. जन्मापासून दिसत नव्हतं, बोटांनी वेत विणायचे आणि विणता विणता पुस्तकं ऐकायचे. त्यांनी एकदा फोन करून विचारलं, ‘बाई वाचतात तेव्हा त्या कुठे बसलेल्या असतात हो?’ झालं! तेव्हापासून बाईंनी प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला खोली सांगायला घेतली. आज ऊन कुठपर्यंत आलंय, टेबलावर काय आहे, भिंतीवरच्या गादीचा टाका कुठे उसवलाय. श्रोत्यांना इतकं आवडलं की काही जण पुस्तक राहू दे, खोली आधी ऐकवा म्हणायला लागले.

फिती गेल्या आणि संगणक आला, तेव्हा कानसेनांना सुटल्यासारखं वाटलं. कापलेला शब्द आता केरात जात नव्हता, नुसता नाहीसा होत होता. सगळी पुस्तकं त्या एका यंत्रात राहू लागली. वाचायचं त्यातच, तपासायचं त्यातच, आणि श्रोतेही आपापल्या घरून त्याच यंत्राला जोडून पुस्तकं उतरवून घेत. आत शिरण्याचा परवलीचा शब्द संस्थेतल्या सगळ्यांना मिळून एकच. वाचक म्हातारे, शब्द विसरायचे, रोज ‘कानसेन, ते काय होतं हो?’ म्हणून हाक मारायचे. म्हणून कानसेनांनी तो एका पिवळ्या चिठ्ठीवर सुबक अक्षरांत लिहिला आणि वाचनाच्या खोलीतल्या पडद्याच्या कडेला चिकटवला. हाका थांबल्या.

यंत्राच्याही काही हाका असत. अधूनमधून पडद्यावर पाटी यायची, की दुरुस्त्या आल्या आहेत, त्या बसवून यंत्र बंद करून चालू करू का? वाचन रंगात आलेलं असताना कोण बंद करणार! कानसेन ‘नंतर आठवण करा’ दाबत. वर्ष झालं, दोन वर्षं झाली, यंत्र आठवण करत राहिलं आणि कानसेन कानाडोळा करत राहिले. पुस्तकांची दुसरी प्रत ठेवायला एक वेगळी पेटी होती. ती रोज जोडा, रोज काढा, कोण करतो? ती कायम जोडलेलीच असे. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग बाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, आवाज राहणार नाही. तोपर्यंत दिवसाला वीस मिनिटं बोला, त्याहून जास्त नको. बाईंनी घरी बोलणं बंद केलं. भाजीवाल्याशी खुणा, शेजारणीशी चिठ्ठ्या, आणि ती सगळीच्या सगळी वीस मिनिटं संस्थेत आणून वाचायच्या. श्रोत्यांना काही सांगायचं नाही, अशी त्यांनी ताकीदच दिली होती. ‘लोक पुस्तक ऐकायचं सोडून माझा घसा ऐकत बसतील.’

शेवटचं म्हणून त्यांनी पुस्तक घेतलं ते खुर्च्या विणणाऱ्यांनी मागितलेलं. एका पाणबुड्याने लिहिलेलं, समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या जीवांबद्दलचं, बावीस प्रकरणांचं जाडजूड पुस्तक. ‘तिथे उजेडच पोचत नाही म्हणे,’ ते फोनवर म्हणाले होते, ‘मग तिथले लोक आमच्यासारखेच चाचपून राहत असतील. बघू तरी कसं जमवतात.’

पहिलं प्रकरण नेहमीप्रमाणे वानगी म्हणून श्रोत्यांना पाठवलं. बाकीचं पुस्तक पूर्ण झाल्यावर जायचं होतं. रोज वीस मिनिटं, अशी महिनोन्‌महिने वाचत विसावं प्रकरण झालं. तोवर बाईंचा आवाज पातळ व्हायला लागला होता, पण त्यात एक नवीन झिरझिरीत गोडवा आला होता. कानसेनांची तर ब्रह्मानंदी टाळी लागायची. डोळे मिटले की पाणी, आणि पाण्यात तो आवाज, खाली खाली जाणारा. दोनदा बसथांबा चुकून ते शेवटच्या थांब्यावर उतरले होते.

आणि एका सोमवारी सकाळी यंत्र उघडलं तर सगळी पुस्तकं जागेवर होती आणि एकही पुस्तक उघडत नव्हतं. नावांच्या जागी निरर्थक अक्षरं. मधोमध एक पत्र, की तुमचं सगळं आम्ही कुलपात घातलंय, किल्ली हवी तर पैसे पाठवा. कानसेनांनी दुसऱ्या प्रतीची पेटी उघडली. ती जोडलेलीच होती, त्यामुळे कुलूप तिथेही पोचलं होतं.

बाईंची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी होती.

भाचीला बोलावलं. ती एका रुग्णालयात संगणकांच्या राखणीचं काम करत असे. संस्थेच्या व्यवस्थापकांना तिने पहिल्याच तासात सांगितलं की पैसे पाठवू नका, पाठवूनही किल्ली मिळेलच असं नाही. मग यंत्राची इंटरनेटच्या जाळ्याशी जोडणी तोडून ती दोन दिवस त्याच्यापुढे बसली. कानसेन तिच्या शेजारी स्टूल घेऊन, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे.

‘मला एवढंच सांग,’ ते म्हणाले, ‘याच्याकडे आपण कधी वाईट वागलो नाही. मग यानं परक्याला आत घेतलंच कसं?’

भाची हसली, पण प्रेमाने. ‘मामा, याला माणूस ओळखता येत नाही. तू मला पावलांवरून ओळखतोस, याला पावलं ऐकूच येत नाहीत. जो बरोबर शब्द सांगेल तो घरचा. आणि घरच्यानं सांगितलेलं सगळं हे मुकाट्यानं करतं. पुस्तक उघड म्हटलं की उघडतं, कुलूप घाल म्हटलं की घालतं. का म्हणून विचारत नाही. तेवढाच त्याचा गुण, आणि तेवढीच त्याची खोड.’

‘भोळं आहे म्हणजे.’

‘भोळं नाही रे, आज्ञाधारक. आणि त्यात तुम्ही सगळ्यांनी मिळून एकच किल्ली वापरायची, ती आल्यागेल्याच्या नजरेसमोर टांगायची, श्रोत्यांना पुस्तकं द्यायची तीही त्याच दारातून. त्या दुरुस्त्या दोन वर्षं बसवल्या नाहीस. ते लोक दुरुस्त्या का पाठवतात माहितीये? भिंतीला भोक सापडलं की बुजवायला. तू म्हणालास, नंतर आठवण करा. आणि दुसरी प्रत अशी हाताला हात धरून ठेवलीस की एक बुडाली ती दुसरीला घेऊनच.’

कानसेनांचा चेहरा पडला. भाचीला वाईट वाटलं, पण ती मागे हटली नाही. म्हणाली, ‘भोकं पुष्कळ आहेत. पण हे लोक भोकातून आलेले नाहीत, दारातून आलेत. बरोबर शब्द टाकून, पहिल्याच खेपेला. तो त्यांना कळला कुठून, ते समजल्याशिवाय नवीन कुलूप लावून उपयोग नाही. परत तिथूनच कळेल.’

गेलेलं परत येणार नाही, हे तोवर स्पष्ट झालं होतं. बाईंच्या या पुस्तकातलं उरलं होतं फक्त पहिलं प्रकरण, तेही इथे नाही, श्रोत्यांच्या घरी. मंगळवारी दुपारी कानसेनांनी खुर्च्या विणणाऱ्यांना फोन लावला. यंत्र बिघडलंय, एवढंच सांगितलं. ‘तुमच्याकडचं पहिलं प्रकरण पूर्ण आहे का, ते मला जरा ऐकवता?’

‘का नाही? बाईंना ऐकायला काय, मी दहादा ऐकतो,’ ते म्हणाले, आणि यंत्र फोनजवळ धरलं.

बाईंचा आवाज आला. पण फोनच्या तारेतून येता येता त्याचं सगळं पाणी निथळून गेलं होतं. गोडवा नाही, खोली नाही, तळ नाही, पत्र्याच्या डब्यात कुणी बोलावं तसा. डोळे मिटण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. आणि म्हणून, बावीस वर्षांत पहिल्यांदा, कानसेनांना नुसते शब्द ऐकू आले.

‘आज ऊन तिसऱ्या गादीपर्यंत आलंय. टेबलावर पाण्याचा पेला आहे, त्याला टवका गेलाय. समोर संगणकाचा पडदा आहे. त्याच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी आहे. अक्षर फार सुरेख. अक्षरं इंग्रजी, पण शब्द आपलाच. कापूस. पुढे आकडे आहेत, चार, चार, सात, एक. आता पुस्तकाकडे वळू या.’

कानसेनांनी रिसीव्हर ठेवला नाही, ते प्रकरण संपेपर्यंत ऐकत राहिले. मग वही काढली. त्या प्रकरणापुढे त्यांच्याच हातचं लिहिलेलं होतं, ‘तपासलं’. खाली सही, वळणदार.

दीड हजार श्रोत्यांच्या घरी ती चिठ्ठी पोचली होती. त्या घरांत आणखी माणसं होती, त्या माणसांचे मित्र होते. त्यातला कुणी असेल, किंवा कुणीच नसेल, कुणाच्या तरी उघड्या खिडकीतून रस्त्यावर ऐकलं असेल. ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाईंना यंत्रातलं काही कळत नसे, त्यांचं वाचन उघडणं-मिटणं कानसेनच करून देत. त्यांनी नेहमीसारखं, दिसलं ते वाचलं होतं. ते अडवायला एक माणूस नेमलेला होता.

भाचीला त्यांनी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मामा, बाईंना नको सांगूस. आठ दिवसांचा आवाज उरलाय त्यांचा. काय मिळणार सांगून?’ कानसेनांनाही तेच हवं होतं. आपल्या तोंडूनच दार उघडलं, हे घेऊन बाईंनी शस्त्रक्रियेला का जावं? त्यांनी ठरवलं, मूग गिळून बसायचं.

बुधवारी बाई आल्या. यंत्राचं त्यांना फोनवर कळलं होतं. त्या रडल्या नाहीत, हिशेबी बाई. खुर्चीत बसल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, ‘उद्यापासून सहा-सात दिवस. रोज वीस मिनिटं. दोन तास, म्हणजे दोन प्रकरणं. पुस्तक तर पुन्हा होत नाही. मग जी दोन सगळ्यांत चांगली होती ती पुन्हा वाचते, तेवढी तरी राहू देत. तुम्ही सगळी ऐकलीत. सांगा, कुठली वाचू?’

एवढंच विचारलं. ऊन गादीवर आलं होतं. कानसेनांना पाणी आठवलं, खाली जाणारा आवाज आठवला, बाईंचा श्वास कुठे थांबे तेही आठवलं. एक मासा आठवला नाही. वीस प्रकरणांतली एक ओळ आठवली नाही.

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. सातवं आणि अकरावं, म्हणाले असते तर संपलं असतं. पण बाई वाट बघत होत्या, आणि त्या वाट बघण्यातही त्यांची आजची मिनिटं जात होती.

‘मला माहीत नाही, बाई,’ ते म्हणाले. ‘मी ऐकलं नाही.’

‘म्हणजे?’

‘आवाज ऐकला. शब्द नाही ऐकले. तुमचं कुठलंच पुस्तक मी... डोळे मिटून बसायचो. चूक तुमची होत नाही म्हणून सही करायचो.’ आणि मग थांबता येईना. चिठ्ठी, कापूस, चार आकडे, खुर्च्या विणणाऱ्यांचा फोन, सगळं बाहेर पडलं.

बाई मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘चिठ्ठी मी वाचली.’

‘हो.’

‘उच्चार स्पष्ट होते?’

‘अगदी.’

त्यांच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. ‘चिठ्ठीचं जाऊ द्या,’ त्या म्हणाल्या, ‘नियम तुमचा, चिठ्ठी तुमची, वाचली मी. पण बावीस वर्षं मी कुणाला वाचत होते? मला वाटायचं, श्रोते आहेत कुठेतरी लांब, दिसत नाहीत. पण काचेपलीकडे एक माणूस आहे, तो ऐकतोय. त्याच्याकडे बघून मी वाचायचे. तुम्ही डोळे मिटायचात ते मला वाटायचं, लक्ष देऊन ऐकताय.’ त्या उठल्या. त्या दिवशीची अकरा मिनिटं शिल्लक होती. ती तशीच घेऊन त्या जिना उतरून गेल्या.

गुरुवारी त्या आल्या नाहीत. त्यांच्यासाठी भाचीने वेगळं, कुठल्याही जाळ्याला न जोडलेलं छोटं ध्वनिमुद्रणयंत्र आणून ठेवलं होतं. ते टेबलावर नुसतं बसून राहिलं. कानसेनही. ऊन पहिल्या गादीपासून पाचव्या गादीपर्यंत गेलं आणि भिंतीवरून उतरलं. आपण एका माणसाचा एक दिवस खाल्ला, आणि त्या माणसाकडे मोजून आठच होते, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात फिरत होता. त्यांना रडू आलं. त्या खोलीत रडलेलं बाहेर ऐकू जात नाही, ते बरं असतं.

शुक्रवारी बाई आल्या. पिशवीतून पुस्तक काढलं आणि विसाव्या प्रकरणाच्या शेवटी खूण घातली.

‘शेवटची दोन मी वाचते. ती कुणीच वाचलेली नाहीत अजून. मधली एकोणीस तुम्ही वाचायची.’

‘मी? बाई, हा आवाज...’ कानसेनांचा आवाज खरंच घोगरा होता, भांडं घासल्यासारखा.

‘आवाजाचं कौतुक पुरे झालं. वाचल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही त्यात काय होतं ते. आणि आज डोळे उघडे ठेवा.’

काचेअलीकडे बसून कानसेनांनी पुस्तकाची दुसरी प्रत उघडली आणि बाईंच्या प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत गेले. एकविसाव्या प्रकरणात पाणबुड्या अशा खोलीवर होता जिथे वरचा उजेड संपतो. तिथे त्याला आपला दिवा विझवावासा वाटतो. तो विझवतो. थोड्या वेळाने लांबवर एक बारीक ठिपका लुकलुकतो, मग दुसरा, मग असंख्य. प्रत्येक जीव आपला उजेड आपल्याच अंगात घेऊन हिंडतोय. हे वाचताना बाईंचा आवाज दोनदा फाटला. कानसेनांनी तो कापला नाही.

त्याच दिवसांत भाचीने संस्थेची घडी बसवली. श्रोत्यांच्या पुस्तकांना वेगळं यंत्र, वाचनाच्या खोलीतलं वेगळं, दोघांमध्ये दार नाही. दुरुस्त्या आल्या की वाचन थांबलं तरी चालेल, पण त्या त्याच दिवशी बसवायच्या. प्रती तीन, आणि त्यातली एक कशालाही न जोडता दुसऱ्या घरात. ती कानसेनांनी दर शुक्रवारी खिशातून घरी न्यायची. आणि प्रत्येकाला आपापला परवलीचा शब्द, लांबलचक, शिवाय तो टाकल्यावर फोनवर येणारा आकडा, म्हणजे शब्द चोरला तरी नुसत्या शब्दावर दार उघडणार नाही. ‘आणि हा शब्द कुणाला सांगायचा नाही,’ तिने बजावलं, ‘मामालासुद्धा नाही.’

बाईंना आता स्वतःचा शब्द कशाला, असं कुणीतरी म्हणालं. भाचीने मात्र त्यांनाही तो करायला लावला. बाईंनी एकेक कळ शोधत, ओठ घट्ट मिटून तो टाकला, आणि वर बघून म्हणाल्या, ‘आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मनात वाचलं.’

बुधवारी, शेवटच्या दिवशी, शेवटचं पान एकोणिसाव्या मिनिटाला संपलं. एक मिनिट उरलं. बाईंनी छापखान्याचा पत्ता वाचला.

शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी त्या गळ्याला रुमाल बांधून जिना चढून आल्या, खोली उघडली, यंत्रात आपला शब्द टाकला आणि कानसेनांच्या खुर्चीत हेडफोन लावून बसल्या. कानसेन काचेपलीकडे. पहिल्या दिवशी बाईंनी सदतीस चुका काढल्या आणि पेन्सिलने काचेवर इतक्यांदा टकटक केलं की कानसेनांना घाम फुटला. मासे, शिंपले, डोळे नसलेले झिंगे, स्वतःच्या अंगाचा कंदील करून फिरणारे जीव, सगळे आता त्यांना आपल्या घोगऱ्या तोंडाने एकेक करून वर आणायचे होते. चौथ्या प्रकरणात एकदा, वाचता वाचता, ते स्वतःशीच ‘अरे वा!’ म्हणाले. तेवढं बाईंनी कापलं नाही. एकोणीस प्रकरणांना अर्धं वर्ष लागलं. प्रत्येकापुढे वहीत बाईंच्या हातचं, ‘तपासलं’.

पुस्तक श्रोत्यांकडे गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात खुर्च्या विणणाऱ्यांचा फोन आला. दुपारची वेळ, बाई शेजारीच दुसरं काही तपासत होत्या. कानसेनांनी फोनचा आवाज मोठा केला, त्यांनाही ऐकू जावा म्हणून.

‘ऐकलं हो सगळं,’ ते म्हणाले. ‘तो मधला घोगरा माणूस बरा वाचतो. आधी वाटलं, हे कोण आणलंय! पण मग त्याच्याबरोबर मी खाली उतरलो. बाई मधे आजारी होत्या का?’

‘हो,’ कानसेन म्हणाले.

‘मला वाटलंच. पण एकविसाव्याला बाई परत आल्या आणि मी हातातला वेत खाली ठेवला. आवाज जरा अशक्त वाटला, पण आल्या! बऱ्या झाल्या ना आता? जरा द्या की त्यांना फोन.’

बाईंनी हेडफोन काढले होते. त्यांचा हात गळ्याच्या रुमालाशी गेला होता, आणि त्या कानसेनांकडे बघत होत्या. सांगायचं नाही, ही त्यांची ताकीद अजून उठली नव्हती. बऱ्या आहेत, घरी गेल्यात, एवढं म्हटलं तरी भागलं असतं.

‘त्या इथेच आहेत,’ कानसेन म्हणाले. ‘ऐकताहेत. तुम्ही बोला.’

पलीकडचा माणूस उभा जन्म कानांवर जगला होता, त्याला एक शब्द पुरला.

‘ऐकताहेत,’ ते हळूच म्हणाले. ‘बरं. मग मी बोलतो.’

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि फोनपाशी कान नेला.